पुट्टीखालचं अंग

आमच्या वर्कशॉपमध्ये फायबरची काय काय कामं होतात ते सांगितलं की लोक हसतात. बागेतले बगळे, हॉटेलच्या दारातला फेटेवाला, शाळांच्या घसरगुंड्या, टाक्यांची झाकणं, मंगल कार्यालयाचे खांब. एकदा एका डेअरीसाठी खऱ्याएवढी गाय केली होती. तिची कास लहान दिसते म्हणून मालकानं ती परत पाठवली. तेव्हा मी पोट धरून हसले होते, आणि कास दुप्पट करून दिली होती.

माझं नाव प्रज्ञा. सुप्याच्या एमआयडीसीत तेरा वर्षं मी फिनिशिंगला आहे. साच्यातून माल निघाला की त्यावरचे बुडबुडे, खड्डे, शिवणी शोधायच्या, पुट्टी भरायची आणि पॉलिश पेपरनं घासून सगळं गुळगुळीत करायचं, हे माझं काम. डोळे मिटून हात फिरवला तरी वाळूच्या कणाएवढी खोट मला लागते. आमचे शेठ काकासाहेब गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात, "प्रज्ञाच्या हाताखालून खोट सुटत न्हाई." पूर्वी हे ऐकून मला बरं वाटायचं. आता मी हातातलं काम टाकून बाहेर जाते.

जयमाला ही माझी थोरली बहीण. आता ती नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ती वाचते की नाही असं म्हणून कुणाला ताटकळत ठेवायची माझी इच्छा नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

ताई एका कंपनीच्या लेडीज गेटवर सिक्युरिटीत होती. निळा शर्ट, काळी पँट, कमरेला रुंद पट्टा, हातात काठी. शाळेत असताना पारनेर तालुक्याच्या टीममध्ये कबड्डी खेळलेली. खांदे रुंद, दंड भरलेले, पोट थोडं सुटलेलं, चालली की फरशी वाजायची. कंपनीतल्या पोरी तिला टरकून असायच्या आणि दुसरी पाळी सुटली की तिच्याच मागून चालत यायच्या. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं तेव्हा मला आणायला तीच आली होती. ड्यूटीवरून तशीच, युनिफॉर्मवर. सासरच्या माणसांनी एक शब्द काढला नाही, उलट बॅग उचलून रिक्षात ठेवली. तेव्हापासून सुप्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी. दाजी, म्हणजे तिचा नवरा महेंद्र, ट्रेलर चालवतात आणि महिन्यातून दोन-तीन दिवस घरी असतात. मूलबाळ झालं नाही. ताई म्हणायची, "तू हायस की एक, तेवढी पुरे."

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मुंबईहून सुनील नावाचा माणूस वर्कशॉपमध्ये आला. एका टीव्ही सिरीयलच्या आर्ट डिपार्टमेंटचा. बोलायला गोड, मला पहिल्या वाक्यापासून मॅडम म्हणाला. परग्रहावरच्या लोकांची सिरीयल होती आणि शूटिंग भंडारदऱ्याला, धरणाच्या मागच्या बाजूला. तिथली माणसं त्या खडकांत भात लावतात, नाचणी करतात. मुंबईवाल्यांना मात्र तो दुसरा ग्रह वाटतो. त्या ग्रहावरच्या लढवय्या बायकांसाठी त्याला फायबरची बारा चिलखतं हवी होती. त्यानं चित्रं पसरली.

चित्रातल्या बाया निळ्या होत्या. कपाळावर तिसरा डोळा, कानांच्या जागी माशाचे कल्ले. इतकं सगळं वेगळं, पण कंबर मात्र मुंबईच्या नटीची. चिलखत छातीपुरतं, तेही दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखं, आणि खाली पोट बेंबीपर्यंत उघडं. कोट्यवधी कोसांवरचा ग्रह, तिथं हवा आहे की नाही ठाऊक नाही, पण भुवया कोरून देणारी बाई नक्की होती.

मी विचारलं, "ह्यांचं पोट उघडं का?"

"त्या योद्ध्या आहेत ना, मॅडम. चपळ दिसायला पाहिजेत."

"आणि बाप्ये?"

त्यानं पुढचं पान काढलं. बाप्यांना खवले होते, शिंगं होती, चांगली ढेरीही होती, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंड.

"म्हणजे तिकडं बाईच्या पोटावर वार करायची बंदी असणार," मी म्हटलं. काकासाहेब मोठ्यानं खोकले. सुनीलही हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे आणायला सांगितलं होतं ते तो न्यायला आला होता, जशी मी सांगितलेली कास करून देते.

दुकानातल्या बाहुलीवरून साचा काढून चालणार नव्हता. चिलखत खऱ्या अंगावर बसायला हवं होतं, त्यात मारामारी करणाऱ्या मुली होत्या. सुनील म्हणाला, कुणीतरी दणकट बाई बघा, खांदे असलेली, तिच्या अंगावरून पहिलं सॅम्पल घ्या, मग आपण बदल करू. दणकट म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर एकच बाई आली.

ताईला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "लढायच्या बाया हायत ना? मंग माझंच अंग बरोबर हाय."

रविवारी दुपारी घरी आतल्या खोलीचं दार लावलं. हाडाच्या डॉक्टरकडं मिळतं ते प्लास्टरचं बँडेज मी आणलं होतं. अंगाला व्हॅसलीन फासायचं, ओलं बँडेज थरावर थर लावायचं, वाळेपर्यंत वीस मिनिटं हलायचं नाही, की कवच सुटून येतं. त्या कवचात मग फायबर भरायचं. ताई स्टुलावर बसली. आता, आम्ही दोघी एका ताटात जेवलेल्या, एका गोधडीत झोपलेल्या. पण आमच्या घरात एक साडी बदलायला लागली की दुसरी तोंड फिरवायची. आईनं लावलेलं वळण. ताईनं भिंतीकडं तोंड करून स्वतःच व्हॅसलीन लावलं, आणि ती वळली तेव्हा मी कॅलेंडरकडं बघत होते. बँडेज लावतानाही मी मान वाकडी करूनच लावलं. बोटांनी कामापुरतं चाचपायचं आणि डोळ्यांनी तारखा वाचायच्या. डिसेंबरातल्या साऱ्या सुट्ट्या मला अजून पाठ आहेत.

प्लास्टर वाळताना तापतं. ताई डोळे मिटून म्हणाली, "ऊब लागतीय गं. लई बरं वाटतंय."

"हलू नकोस."

"न्हाई हलत. छाती माझी अन् तोंड दुसरीचं, व्हय? तुझ्या दाजीला सांगू नगंस. बाराजनी बघून येडा हुईल."

मी हसले तशी तीही हसली, आणि मी तिच्यावर ओरडले की हलू नकोस म्हटलं ना. ते हसणं मला नंतर फार महागात पडलं.

दोन दिवसांनी कवचातून फायबर निघालं. वर्कशॉपच्या टेबलावर ताईची छाती, खांदे, पोट, मधाच्या रंगाचं, आरपार उजेड जाणारं. तिथं मात्र मी नीट बघितलं. फायबरकडं बघायला लाज वाटत नाही. डाव्या बाजूला, खाली आणि जरा काखेकडं, एक खड्डा होता. उथळ, अंगठा बसेल एवढा. त्याची कड आत ओढल्यासारखी झाली होती. मला वाटलं, ही हसली तेव्हा बँडेज सुटलं आणि मध्ये हवा राहिली. रोजचंच होतं. पहिल्या मालाला असे पाच-सात खड्डे येतातच.

मी फोटो काढून सुनीलला पाठवला. तासाभरात तोच फोटो परत आला, त्यावर लाल गोल. एक खांद्यांना, कमी करा. एक पोटाला, काढून टाका. एक कमरेला, आत घ्या. एक छातीला, वर उचला आणि मोठी करा. आणि पाचवा, सगळ्यात लहान गोल, त्या खड्ड्याभोवती. खाली लिहिलं होतं, डाव्या बाजूला फॉल्ट आहे, भरून घ्या.

त्याचा मेसेज येण्याआधीच मी पुट्टी कालवायला घेतली होती.

ग्राइंडरनं ताईचे खांदे दोन्हीकडून दोन-दोन बोटं कापले. पोट कापलं. कमरेला काप घेऊन ती आत दाबली. छातीवर पुट्टीचे थर दिले आणि दोन्ही बाजू कंपासनं मोजून एकसारख्या केल्या. चार दिवस घासलं. शेवटी डोळे मिटून हात फिरवला, कुठंही काही लागलं नाही. काकासाहेब म्हणाले, "एक नंबर." असा तयार झालेला पहिला नमुना म्हणजे आमच्याकडं मास्टर. त्या मास्टरवरून साचा घेतला आणि साच्यातून बारा चिलखतं निघाली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ताई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "झालं का माझं?"

"झालं. पण लई बदल सांगितले त्यांनी. खांदे कमी केले, पोट काढलं, छाती वाढवली."

"मंग माझं काय राह्यलं त्यात?"

"काय न्हाई. अन् डावीकडं एक खड्डा आल्ता, तो पन भरला. बँडेजमधी हवा राह्यली हुती."

तिचा हात परातीत थांबला. क्षणभरच. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "तू म्हनतीस तर हवाच असंल." मला वाटलं, खांदे कापल्याचं तिला लागलं. वाईट वाटलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिला बाजारातून जिलबी आणली. तिनं ती आवडीनं खाल्ली.

पुढच्या जूनमध्ये युनिफॉर्मचा शर्ट काखेत काचतो म्हणून ताईनं तो मोठा करून घेतला. मग काठी उचलताना हात दुखायला लागला. मग काखेत गाठ लागली, लिंबाएवढी. तेव्हा कुठं तिनं मला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये आम्ही नगरला गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाई वयानं लहान होत्या, पण शांत होत्या. पडद्यामागं तपासून बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "कातडीला इथे खड्डा कधीपासून पडलाय?"

ताई म्हणाली, "ध्यानात न्हाई."

"साधारण? महिने सांगा."

"न्हाई ओ ध्यानात."

त्यांनी स्वतःच्या डाव्या बाजूला बोट ठेवून दाखवलं होतं. मला ती जागा माहीत होती. डावीकडं, खाली, जरा काखेकडं. ताई रक्त द्यायला गेली तेव्हा मी बाकावर बसून मोबाईल काढला आणि मागं मागं जात डिसेंबरात पोचले. फोटो होता. लाल गोलही होता. फोटो मोठा करून पाहिला. फायबरमध्ये हवा राहते तेव्हा कड तुटल्यासारखी असते, धारदार. ही कड मऊ होती, आतून कुणीतरी दोरा ओढल्यासारखी. इतक्या वर्षांत हजारो खड्डे पाहिलेल्या बाईला हा फरक कळायला हवा होता. कुणालाही नाही कळला तरी मला कळायला हवा होता.

मी एकटीच पुन्हा आत गेले आणि डॉक्टरीण बाईंना विचारलं, की हिवाळ्यात आलो असतो तर. त्यांनी फाइल मिटली. म्हणाल्या, "तेव्हा आला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते." एवढंच. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी तो फोटो दाखवला नाही.

दाखवला नाही आणि सांगितलंही नाही. ताईला नाही, दाजींना नाही. औषधाच्या बाटल्या चढल्या, ताईचे केस गेले, डावी बाजू काढून टाकली. मी रजा काढून तिच्याजवळ बसायचे, तिचं डोकं पुसायचे, उलटीचं भांडं धरायचे. आता तोंड फिरवत नव्हते. जखमेचं ड्रेसिंग मीच करायचे, सपाट झालेल्या त्या जागेवर रोज हात फिरवायचे, आणि आईचं वळण आठवून मनातल्या मनात आईवर चिडायचे. मेलेल्या माणसावर चिडणं सोपं असतं. प्रत्येक ड्रेसिंगला वाटायचं, आज सांगते. आणि प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "तुझा हात लई हलका हाय गं," आणि मी पट्टी बांधून उठायचे.

जानेवारीत सिरीयल सुरू झाली. रविवारी संध्याकाळी सात वाजता. मला ती लावायचीच नव्हती, पण ताईनं तारीख लक्षात ठेवली होती. कानटोपी घालून, शाल गुंडाळून ती टीव्हीसमोर बसली. त्या आठवड्यात डॉक्टरांनी आजार हाडांत गेल्याचं सांगितलं होतं. दाजी ट्रेलर घेऊन गुजरातेत होते.

भंडारदऱ्याच्या खडकांमागून त्या आल्या. ढोल वाजत होते, धूर सोडला होता. निळ्या, तीन डोळ्यांच्या, एका सरळ रेषेत. सगळ्यांची छाती सारखी, डावी उजवीएवढी, उजवी डावीएवढी, कुठं ओरखडा नाही. कॅमेरा त्यांच्या तोंडाआधी छातीवर यायचा आणि तिथंच रेंगाळायचा. ताई बोटांवर मोजत होती.

"बारा," ती म्हणाली. "बारा बी मीच."

मी तिची शाल सारखी केली.

"पन ह्या उभ्या कशा हायत बघ. कंबर मोडून. कबड्डीत अशी उभी राह्यली तर पयल्याच चढाईला बाद." थोड्या वेळानं म्हणाली, "एकीला बी घाम न्हाई. लढत्यात का फोटो काढत्यात?" ती खुशीत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात गेटवरची जरब ऐकू येत होती.

मग लढाई झाली. शिंगवाल्या बाप्यानं भाला फेकला. पोट उघडं होतं, मान उघडी होती, पण भाला नेमका आला तो डाव्या छातीवर, आणि टण्णकन आवाज होऊन खाली पडला. राणीनं तिथं हात ठेवला आणि ती हसून म्हणाली, या कवचाला खोट नाही. पडद्यावर तिची बोटं त्याच जागेवर होती. डावीकडं, खाली, जरा काखेकडं.

मी उठून टीव्ही बंद केला.

"आगं, लाव की," ताई म्हणाली.

मी तिच्या पायाशी बसले आणि सांगायला लागले. सगळं सांगितलं. खड्डा दिसला होता. हवा समजून मी भरला. फोटो आहे. हिवाळ्यात आलो असतो तर डॉक्टर वेगळं बोलल्या असत्या. मला ऑगस्टपासून माहीत आहे. मोबाईल काढून मी तिला तो फोटोही दाखवला, कारण आता अर्धवट सांगून उपयोग नव्हता. रडत होते की नाही आठवत नाही. नाकातून पाणी येत होतं एवढं आठवतं.

ताईनं मोबाईल लांब धरून बराच वेळ बघितला. "किती बारीक गोल काढलाय," ती म्हणाली.

मग तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "मला ठावं हुतं गं."

मी वर बघितलं.

"आंघुळीच्या येळी दिसायचं. दिवाळीपासनं. मला वाटायचं आतल्या कपड्याचा वळ हाय, न्हाईतर वयाचं. भ्याव बी वाटायचं. कुनाला दाखवायचं? तुझ्या दाजीला? तुझ्याम्होरं तर पदर बी पडू दिला न्हाई कधी. तू बँडेज लावाय लागलीस तवा मनात म्हनलं, आता हिला दिसंल, ही इचारंल. लाजंनं माझ्या तोंडून निघत न्हाई, पन ही इचारंल."

"मी बघितलंच न्हाई," मी म्हटलं. "मी कॅलेंडर बघत हुते."

"व्हय. मी बी बघत हुते तुझ्याकडं." ती थांबली. तिला दम लागत होता. "अन् मग तू म्हनलीस, हवा हाय. तुझ्या हाताला खोट कळती, सगळा सुपा म्हनतो. मला लई हलकं वाटलं त्या दिवशी. म्हनलं, प्रज्ञा म्हनतीय म्हंजे हवाच. भाकरी बी दोन जास्त खाल्ल्या."

हे ती मला दोष देण्यासाठी बोलली नाही. ती जसं झालं तसं सांगत होती, गेटवरच्या वहीत नोंद करावी तसं. पण मला आजही झोपेतून उठवून विचारलं, की तुला आयुष्यात सगळ्यात जास्त काय लागलं, तर मी नवऱ्यानं मारलेली थप्पड सांगणार नाही. मी त्या दोन भाकरी सांगेन.

मग ताईनं विचारलं, "ते हाय का अजून? पयलं? जे माझ्यावरनं काढलं?"

"वर्कशॉपला माळ्यावर हाय. पन त्यात तुझं काय राह्यलं न्हाई आता."

"खड्डा तर आसंल की. तू भरलायस, कापला न्हाईस."

हे तिनं म्हटल्यावर मला कळलं की ती बरोबर बोलते आहे. कापलेलं परत येत नाही. खांदे गेले ते गेले. पण पुट्टीच्या खाली जे असतं ते तसंच असतं.

"घिऊन ये," ताई म्हणाली. "मला बघायचं हाय. माझ्याकडं आता न्हाई ना ते."

दुसऱ्या दिवशी मी काकासाहेबांना सांगितलं. कशाला ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. स्वतः माळ्यावर चढले, मास्टर खाली काढला, पोत्यात गुंडाळून आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि मला घरापर्यंत सोडलं. ताईला दारात बसलेली बघून ते गाडीतून उतरले, नमस्कार केला आणि घाईनं निघून गेले.

दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. ताईची खुर्ची मी उन्हात ठेवली. बादलीभर पाणी घेतलं, जाड पेपर घेतला, बारीक पेपर घेतला आणि मास्टर मांडीवर घेऊन खाली बसले. इतकी वर्षं मी खड्डे भरले होते. भरलेला खड्डा उकरायला पहिल्यांदाच बसले होते. शेजारची छबूबाई काय चाललंय बघायला आली. ताईनं तिला गेटवरच्या आवाजात सांगितलं, "काम चाललंय, मग ये," आणि ती निमूट गेली.

आधी रंग गेला. मग छाती मोठी करायला दिलेले थर गेले, राखाडी पाणी ओट्यावरून खाली ओघळलं. मी सावकाश घासत होते. घाई केली असती तर फायबरच घासलं गेलं असतं आणि कड पुन्हा माझ्याच हातानं गेली असती. ताई मध्येच म्हणायची, "दमलीस का?" आणि मी मान हलवायचे. तासाभरानं राखाडीतून मधाचा रंग दिसायला लागला. आधी कड दिसली, गोल, मऊ. मध्ये पुट्टीचा तुकडा राहिला होता, नाण्याएवढा. तो मी पेपरनं नाही काढला. ओल्या बोटानं आणि नखानं काढला.

मग मी पाणी ओतून ते धुतलं, पदरानं पुसलं आणि मास्टर ताईच्या मांडीवर ठेवला. कापलेल्या खांद्यांचं, आत दाबलेल्या कमरेचं ते फायबर दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. त्यात एवढी एकच जागा ताईची होती.

यावेळी मी कुठंही दुसरीकडं बघितलं नाही. ताईनं शालीतून हात काढला. सुया टोचून टोचून तो काळानिळा पडला होता. तिनं आधी बोटं फिरवली, मग त्या खड्ड्यात अंगठा ठेवला. अंगठा नीट बसला.

"एवढंसंच तर हुतं," ती म्हणाली.

तिनं अंगठा बराच वेळ काढला नाही.